कॅम्परव्हॅनचा बेत: आधी सहा मुक्काम ठरवा, मग रस्ता

ऐरोलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सात दिवसांची सुट्टी आहे. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली कॅम्परव्हॅन (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन फिरायचं ठरवतोय. मी, मिस्टर, दहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. समुद्रकिनाऱ्याने थेट गोव्यापर्यंत जायचं, आंबोली घाट चढून कोल्हापूर, मग महाबळेश्वर करून घरी, असा बेत आहे. मिस्टरांना छोट्या कारची सवय आहे, व्हॅन कधी चालवलेली नाही. रात्री एसी चालेल का? व्हॅन कुठे लावायची? सासूबाईंच्या बाथरूमची सोय कशी करायची? आणि घाटात ही गाडी झेपेल का?"

ताई, तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी बेतालाच हात घालावा लागेल. हा फेरा बाराशे किलोमीटरच्या वर जातो. हायवेवर सात दिवसांत तो सहज होईल, पण तुम्हाला किनाऱ्याने जायचंय आणि किनारा हायवेवर नाही. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे आताचा 66 क्रमांकाचा, पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण असा आतून जातो. समुद्र बघायचा तर खाड्यांच्या तोंडाशी असलेल्या गावांमधून, फेरीबोटींवरून जावं लागतं. त्या रस्त्यावर व्हॅनचा वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपासच पडतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर तुमच्यासारख्या कुटुंबाने कोकणातल्या अंतर्गत रस्त्यावर व्हॅन चालवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रस्त्यावर बसलेली गुरं, बिनदिव्याच्या सायकली, कडेला पट्टा न मारलेली वळणं, यातलं काहीही व्हॅनच्या दिव्यात उशिरा दिसतं. तेव्हा दिवसाला शंभर किलोमीटर ही किनाऱ्यावरची कमाल मर्यादा समजा. गोवा पुढच्या वेळी, दोन आठवडे हातात असतील तेव्हा.

कॅम्परव्हॅनच्या प्रवासात रस्ता मुक्कामावरून ठरतो. कारने फिरताना लॉज ऐनवेळी शोधता येतो. पण सहा-सात मीटर लांबीची, पावणेतीन-तीन मीटर उंचीची गाडी अंधार पडल्यावर अनोळखी गावात लावायला जागा शोधत हिंडणं म्हणजे सहलीचा विचका. म्हणून आधी सहा रात्री पक्क्या करा, त्यांना जोडणारा रस्ता मग आपोआप ठरेल.

आम्ही सुचवू तो फेरा असा आहे. रविवारी पहाटे साडेपाचला ऐरोली सोडा. ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भे, तिथून सायन-पनवेल रस्त्याने कळंबोली, पळस्पे, पेण, वडखळ आणि अलिबाग. पुढे रेवदंडा, काशीद, मुरूड. सगळं मिळून सुमारे 140 किलोमीटर, पण अलिबागपर्यंत रस्ता मोठा असल्याने पहिल्या दिवशी झेपतं. रविवारीच निघायला सांगतोय, कारण संध्याकाळी शनिवार-रविवारवाले परत फिरलेले असतात आणि मुरूडला जागा आणि शांतता दोन्ही मिळतं. दुसऱ्या दिवशी आगरदांडा-दिघी फेरी, मग दिवेआगर, शेखाडीचा समुद्राला लागून जाणारा रस्ता, श्रीवर्धन आणि मुक्काम हरिहरेश्वर. अंतर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर, पण या फेऱ्यातला सगळ्यात देखणा रस्ता हाच आहे, त्याला दिवस द्या. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, तेव्हा त्या दिवशी सासूबाईंना आणि मुलीला ड्रायव्हरच्या मागच्या बाजूच्या खिडक्या द्या.

तिसऱ्या दिवशी बागमांडला-वेसवी फेरीने सावित्री ओलांडून केळशीमार्गे आंजर्ले. इथे दोन रात्री राहा. चौथ्या दिवशी व्हॅन जागची हलवायची नाही. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायला रिक्षाने जा. पाचव्या दिवशी दापोली, दाभोळ, तिथून धोपाव्याला फेरी आणि मुक्काम गुहागर. सहाव्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट चढून कोयनानगर. सातव्या दिवशी पाटण, उंब्रज, सातारा, पुणे आणि द्रुतगती मार्गाने घरी. हा शेवटचा टप्पा तीनशे किलोमीटरच्या वर आहे, पण उंब्रजपासून पुढे जवळजवळ सगळा चौपदरी-सहापदरी. तो जड वाटत असेल तर आंजर्ल्याची दुसरी रात्र काढून टाका आणि सहाव्या रात्री वाईला थांबा. तसं केलं तर पसरणी घाटाने पाचगणी आणि महाबळेश्वरही बघता येईल, पण महाबळेश्वराहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट या गाडीने घेऊ नका. वळणं अरुंद आहेत आणि समोरून एसटी आली की व्हॅन मागे घ्यावी लागते.

एक बारीकशी गोष्ट, जिच्यापायी लोक भलतीकडे पोचतात. मुरूड नावाची दोन गावं तुमच्या वाटेवर आहेत, एक जंजिऱ्याजवळचं आणि दुसरं दापोली तालुक्यातलं, हर्णैजवळचं. फोनच्या नकाशात तालुक्याचं नाव घालून शोधा, आणि बुकिंग करतानाही तालुका विचारून घ्या.

आता घाट. गाडी झेपेल, पण दिशा महत्त्वाची आहे. चढताना फार तर इंजिन तापतं, गाडी कडेला घेऊन थांबता येतं. उतरताना ब्रेक तापले तर थांबायची सोय उरत नाही. म्हणून किनाऱ्याने खाली जायचं, सह्याद्री कुंभार्लीने चढायचा आणि शेवटचा मोठा उतार खंडाळ्याला रुंद रस्त्यावर घ्यायचा, असा फेरा आखला आहे. उलट्या दिशेने फिरलात तर भरलेली व्हॅन कुंभार्लीत उतरवावी लागेल.

कुंभार्लीच्या चढात वळणाच्या आधीच खालचा गिअर टाकावा, वळणात नाही. वळणाच्या मध्यावर गाडी मरायला लागली म्हणून अर्धा क्लच दाबून खेचणं ही सगळ्यात नेहमीची चूक. क्लच जळल्याचा उग्र वास त्यातूनच येतो, आणि भाड्याच्या गाडीत तो खर्च तुमच्या माथी बसतो. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला तर केबिनचा एसी बंद करा. तरी खाली येत नसेल तर सुरक्षित जागी थांबून इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा आणि मग बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत दाबाखाली असलेलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

उताराचा नियम जुना आहे: ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. वेग इंजिनने धरायचा. ब्रेक हलका हलका सतत दाबून ठेवायचा नाही, थोडा वेळ नीट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. सतत दाबून ठेवला की पॅड तापतात, उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते, ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल एकदम मऊ पडतं. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं, त्यामुळे जुन्या ऑइलचा उकळबिंदू खाली आलेला असतो. गाडी घेताना "ब्रेक ऑइल कधी बदललंय?" हा प्रश्न विचारा, दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलून मागा. किनाऱ्यावरही बेसावध राहू नका. दापोलीच्या बाजूने दाभोळला जाताना सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, खाडीच्या पातळीपर्यंत उतरावं लागतं, आणि तो उतार छोटा असला तरी तीव्र आहे.

मिस्टरांनी चालवावी की ड्रायव्हर घ्यावा? कायद्याने अडचण नाही. एकूण भारासह 7,500 किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, मग ती भाड्याची असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पण छोट्या कारमधून थेट ट्रॅव्हलरवर बसून तीन फेरीबोटी आणि एक घाट करणं, तेही घरातली म्हातारी माणसं आणि मूल मागे असताना, आम्हाला पटत नाही. गाडीबरोबर ड्रायव्हर घ्या. मिस्टरांनी हात साफ करायचाच असेल तर अलिबाग-रेवदंडा टप्प्यात करावा. ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार, हे मात्र आधीच ठरवा. व्हॅनमध्ये तुमच्या चौघांनंतर जागा उरत नाही आणि पुढच्या सीटवर अवघडून झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी घाट चढवणार असेल तर ती जोखीम तुमचीच. प्रत्येक मुक्कामी त्याच्यासाठी साधी खोली आणि जेवण धरून हिशोब करा.

कागदपत्रं बघताना नंबरप्लेटपासून सुरुवात करा. ड्रायव्हरसह भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. स्वतः चालवायला मिळणारीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची खाजगी व्हॅन कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. खाजगी गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. आरसी बुकात गाडीचा प्रकार कॅराव्हॅन किंवा कॅम्पर म्हणून नोंदलेला आहे का ते बघा. प्रवासी गाडीत परस्पर बेड आणि गॅस बसवला असेल तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये न बसणारा बदल ठरतो.

त्याच आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि कमाल भार हे दोन आकडे असतात. तुमचं ओझं असं होईल: ड्रायव्हर धरून पाच माणसांचे सुमारे 300 किलो, शंभर लिटर पाण्याचे 100, बॅगा 60, शिधा-भांडी 40, बाकी किडूकमिडूक. म्हणजे पाचशेच्या वर. कॅम्परमध्ये लाकडी कपाटं, बॅटऱ्या, टाक्या यांचं वजन आधीच चढलेलं असतं, तेव्हा मालकाला वजनकाट्याची पावती मागा. नसेल तर कळंबोलीच्या बाजूला ट्रकवाल्यांचे काटे आहेत, तिथे पाच मिनिटांचं काम आहे. जास्त भार म्हणजे लांबलेला ब्रेक आणि फुटणारा टायर. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो. 2321 म्हणजे 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी नाकारा. रबर आतून कडक झालेलं असतं. आणि स्टेपनी आहे म्हणून समाधान मानू नका, जॅक बाहेर काढून बघा, पाना नटांना बसतो का तेही बघा.

रात्रीचा एसी. थेट उत्तर: बॅटरीवर नाही, आणि डिसेंबरात कोकणात त्याची गरजही नाही. रात्री हवा गार होते, जाळीच्या खिडक्या आणि दोन पंखे पुरतात. हिशोब बघा. छतावरचा एक टनाच्या आसपासचा एसी हजार-बाराशे वॅट खातो. व्हॅनमध्ये सहसा असलेली शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी भरलेली असताना 1,280 वॅट-अवर देते, म्हणजे इन्व्हर्टरची घट धरता तासाभराच्या आतच ती संपणार. त्याउलट चाळीस-पन्नास लिटरचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला सुमारे पाचशे वॅट-अवर घेतो, वीस वॅटचे दोन पंखे रात्रभर तीनशे-सव्वातीनशे, दिवे आणि फोन मिळून शंभर-सव्वाशे. बेरीज साडेनऊशेच्या आसपास. हे लिथियम बॅटरीत एक रात्र बसतं. साधी शिशाची, ट्युब्युलर 150 अँपिअर-अवरची असेल तर तिच्यावर 1,800 लिहिलेलं असलं तरी निम्मीच वापरायची, खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाती नऊशे, काठावरचं गणित. तेव्हा गाडी घेताना विचारा की बॅटरी कुठली, किती जुनी, आणि गाडी चालताना ती किती अँपिअरने भरते. तीस अँपिअरचा चार्जर असेल तर तीन तासांच्या प्रवासात अकराशे वॅट-अवर परत येतात. आंजर्ल्याला दोन रात्री उभं राहणार असल्याने तिथे मात्र बाहेरची वीज लागेलच.

एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपणं हे कुणी सुचवलं तरी करू नका. उभ्या गाडीचा धूर खालून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. माणसं यात दगावली आहेत. छोटा बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म विकत मिळतो, तो बेडच्या उंचीवर लावा. स्वयंपाकासाठीही तो हवाच.

बाहेरची वीज घेताना घरगुती वायरची गुंडाळी चालणार नाही. वीस मीटरची, तीन तारांची, 2.5 चौरस मिलिमीटरची केबल, पंधरा अँपिअरच्या पिनसह, सोबत घ्या. ती पूर्ण उलगडूनच वापरायची. गुंडाळलेली ठेवली तर आतली वेटोळी तापून इन्सुलेशन वितळतं. सॉकेटमध्ये अर्थिंग आहे की नाही हे दाखवणारा तीन दिव्यांचा टेस्टर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. जुन्या घरांच्या पडवीतल्या सॉकेटला अर्थिंग नसणं अगदी सामान्य आहे. तसं असेल तर दुसरं सॉकेट मागा. व्हॅनचा पत्रा, ओली माती आणि अनवाणी मूल, यांच्यामध्ये फक्त ती एक तार असते.

व्हॅन कुठे लावायची? पुळणीवर नाही, हे पहिलं. वाळूत चाक रुतलं आणि भरती चढायला लागली की तासाभरात गाडी पाण्यात असते. शिवाय वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात, गाडीचे दिवे आणि चाकं दोन्ही त्यांना घातक. कोयनेच्या बाजूला रस्त्याकडेची जंगलातली मोकळी जागाही नको. तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. तुमच्यासाठी दोनच पर्याय: एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, निवासस्थानं (हरिहरेश्वर आणि कोयनानगरला आहेत) किंवा अंगण असलेलं घरगुती निवास. दोन्हीकडे एक खोली बुक करा आणि व्हॅन आवारात लावू द्याल का, वीज जोडू द्याल का, हे लेखी मेसेजवर घ्या. खोली कशाला, असं वाटेल. ती बाथरूमसाठी आणि ड्रायव्हरसाठी.

घरगुती निवासाला फोन कराल तेव्हा "मोठी गाडी येते का?" असं विचारू नका. हो म्हणतील, कारण त्यांच्या मनात इनोव्हा असते. "गॅसचा टेम्पो थेट अंगणात येतो का, आणि आतच वळून बाहेर जातो का?" असं विचारा. कोकणातल्या आळ्यांमध्ये दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, असतात, वरून माडाच्या झावळ्या आणि लोंबलेल्या विजेच्या तारा. गेट अडीच मीटर रुंद आणि वर सव्वातीन मीटर मोकळं हवं. गेटमध्ये एक माणूस उभा करून फोटो पाठवायला सांगा, अंदाज लगेच येतो. अंगणात शेणाने सारवलेलं खळं असेल तर त्यावर चाक नेऊ नका. ड्रायव्हरला आळीत शिरण्याआधी उतरून चालत बघून यायला लावा.

फेरीबोटींवर जरा जास्त बोलायला हवं, कारण ट्रॅव्हलरचं मागचं ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या मागे उरणारा भाग, लांब असतं. चित्र असं डोळ्यापुढे आणा: ओहोटीला बोट खाली गेलेली, जेट्टीचा उतार तीव्र, त्यातून बोटीचा रॅम्प वेगळ्या कोनात. पुढची चाकं बोटीवर सपाट झाली आणि मागची अजून रॅम्पवर असताना गाडीचा पोटाकडचा भाग टेकतो. उतरताना पुढची चाकं जेट्टीच्या चढावर गेली की मागचा बंपर, आणि त्याच्याखाली बसवलेला सांडपाण्याचा नळ, काँक्रीटला घासतो. कॅम्परचा हा नळच आधी तुटतो. उपाय तीन. एक, माणसं आधी उतरवा, गाडी थोडी वर येते. दोन, फेरीवाल्याने जागा दिली तर रॅम्पवर किंचित तिरकं चढा-उतरा, म्हणजे एका वेळी एकच चाक सांध्यावर येतं. तीन, आणि हाच सगळ्यात चांगला: ओहोटीची वेळ टाळा.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दशमीला साडेसात. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात खाली जातं, ते पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास, तेव्हा त्या तिथींना दिवसाची पहिली फेरी गाठायची घाई करू नका, दुपारी बाराच्या आसपास जा. आदल्या दिवशी जेट्टीवर फोन करून गाडीची लांबी आणि उंची सांगून ठेवा. बोटीवर हँडब्रेक, गिअर, इंजिन बंद आणि गॅस सिलिंडरची नॉब बंद. पैसे रोख ठेवा, खाडीच्या तोंडाशी फोनला रेंज मिळेलच असं नाही.

गॅससाठी घरचा 14.2 किलोचा सिलिंडर गाडीत टाकू नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, सात दिवसांना तो पुरून उरेल. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. ते कुणी मुंग्या येतात म्हणून कापडाने बुजवलेलं नाही ना, बघा. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का हेही गाडी ताब्यात घेतानाच. मासे व्हॅनच्या आत तळू नका. गाद्या आणि पडदे तो वास आठवडाभर सोडत नाहीत.

सासूबाईंच्या सोयीकडे येऊ. व्हॅनमधलं पोर्टेबल टॉयलेट फक्त रात्रीसाठी ठेवा, दिवसाची सोय मुक्कामाच्या खोलीत. वीस लिटरची खालची टाकी चार माणसांनी पूर्ण वापरली तर दीड-दोन दिवसांत भरते. फक्त रात्री वापरली तर मधे एकदा रिकामी करून आठवडा निघतो. रिकामी करायची ती सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासात, यजमानांना विचारून. त्यात फॉर्मॅलिनचं रसायन टाकत असाल तर सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात, तेव्हा जैविक द्रावण मागा. खाडीत, ओढ्यात, माडाच्या आगरात कधीही नाही. या टॉयलेटची बैठक घरच्या कमोडपेक्षा बुटकी असते. गुडघे दुखत असतील तर उठायला हाताला धरायला दांडी आहे का ते सासूबाईंनाच नेऊन दाखवा. नसेल तर कमोडवर बसवायची उंच खुर्ची सोबत घ्या. व्हॅनची पायरीही उंच असते, एक मजबूत, न घसरणारं स्टूल दाराशी ठेवायला हवं. त्यांचा बेड खालचा आणि दाराजवळचा. पाय उताराकडे, डोकं वर अशी गाडी उभी करा. चाकांखाली लाकडी ठोकळे घालून पातळी साधता येते, फोनमधलं लेव्हल दाखवणारं अ‍ॅप पुरेसं आहे.

गाडी चालत असताना कुणीही बेडवर आडवं व्हायचं नाही, मुलीनेसुद्धा नाही. जेवढे पुढे बघणारे, पट्टा असलेले सीट, तेवढीच माणसं. ड्रायव्हर धरून तुम्ही पाच जण आहात, आणि कित्येक कॅम्परमध्ये असे सीट चारच असतात. ही संख्या बुकिंगच्या आधी मोजून घ्या.

पाणी पिण्या-स्वयंपाकाला आणि हात-तोंड धुवायला माणशी दहा-बारा लिटर धरा, आंघोळ खोलीतच. टाकी ऐरोलीला भरण्याआधी एकदा पूर्ण रिकामी करून हुंगा. कुबट वास आला तर ती फक्त भांड्यांसाठी, पिण्याला वीस लिटरचे जार. व्हॅन आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, पण सोसायटीच्या पोडियमखाली शिरवू नका. तिथल्या बीमची उंची बहुतेक ठिकाणी कारपुरतीच असते आणि छतावरचा एसी किंवा सोलर पॅनल सगळ्यात आधी आदळतो. सामान रस्त्यावरूनच चढवा, जड डबे खाली आणि मागच्या-पुढच्या चाकांच्या मधे.

डिझेल साधारण लिटरला नऊ ते अकरा किलोमीटर धरा, या फेऱ्याला सत्तर-ऐंशी लिटर. अलिबाग, दापोली आणि चिपळूणला टाकी भरून घ्या, मधल्या गावांच्या भरवशावर राहू नका.

शेवटच्या दिवशी कोयनानगर सकाळी सहाला सोडा, म्हणजे खंडाळ्याचा उतार उजेडात लागेल. शनिवार असल्याने मुंबईबाहेर जाणारी गर्दी समोरच्या बाजूला असेल. घाट सुरू होण्याआधी लोणावळ्याला अर्धा तास थांबा, चहा घ्या, ब्रेक थंड होऊ द्या, आणि ड्रायव्हरला तिसऱ्या गिअरमध्ये डाव्या बाजूने उतरायला सांगा. व्हॅन परत करण्याआधी टॉयलेटची टाकी आणि सांडपाणी रिकामं करा, मीटरचा, चारही बाजूंचा आणि खालच्या नळाचा फोटो घ्या. घेतानाही तेच फोटो काढलेले असू द्या, अनामत रक्कम परत मिळताना त्यांचाच उपयोग होतो.